बाळ काचेत, आई बाहेर

जानेवारी २०२५च्या अखेरीस बुलढाण्याचे जिल्हा स्त्री रुग्णालय देशभरच्या बातम्यांत आले. दिवस भरत आलेल्या एका गर्भवतीच्या सोनोग्राफीत पोटातल्या बाळाच्याही पोटात गर्भासारखी वाढ दिसली. ‘फीटस इन फीटू’ हा प्रकार साधारण पाच लाख जन्मांमागे एखाद्या वेळी आढळतो. ते जन्माआधीच ओळखणाऱ्या डॉक्टरांचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. फेब्रुवारीत बाळावर अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. बुलढाण्याहून अमरावती सुमारे दोनशे किलोमीटर आहे.

पाच लाखांत एक असलेल्या बाळाची बातमी होते. दीड किलो वजनाच्या, सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या, जन्मताच न रडलेल्या बाळाची होत नाही, कारण अशी बाळे रोजच येतात. मेहकरहून, लोणारहून, सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर आणि जळगाव जामोदहून येतात. घरी फोनवर सांगितले जाते, ‘लेकरू काचेत ठेवलंय.’ त्या क्षणापासून आईबापांचे काम थांबण्याचे, असे सगळे गृहीत धरतात. डॉक्टर उपचार करतील, आपण बाहेर बसायचे. गेल्या काही वर्षांतील संशोधनाने हेच गृहीत चुकीचे ठरवले आहे. आई बाहेर बसल्याने तिला दुःख होते हे तर खरेच, पण त्याने बाळाच्या जगण्याची शक्यताही कमी होते. जिल्ह्याच्या आरोग्य व्यवस्थेने आता या मुद्द्याचा विचार करायला हवा.

काचेच्या आत

सरकारी रुग्णालयातील या विभागाचे नाव विशेष नवजात शिशू काळजी कक्ष, म्हणजे एसएनसीयू. जिल्हा पातळीवरचा असा देशातील पहिला कक्ष २००३मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे सुरू झाला. आज देशात असे नऊशेहून अधिक कक्ष आहेत आणि दरवर्षी त्यांत दहा लाखांवर बाळे दाखल होतात. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ कमी वजनाचे मानले जाते. २०२०मध्ये भारतात सुमारे ३० लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली. ही संख्या जगात सर्वाधिक आहे.

अशा बाळाची अडचण समजायला सोपी आहे. त्याच्या कातडीखाली चरबी नसते, म्हणून ते पटकन थंड पडते. थंड पडले की शरीर गरम ठेवण्यात साखर संपते. साखर घटली की ते सुस्त होते आणि दूध ओढत नाही. फुप्फुसातील हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारा स्निग्ध पदार्थ पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून श्वासाला धाप लागते. प्रतिकारशक्ती कच्ची असते, त्यामुळे संसर्ग रक्तात पसरायला वेळ लागत नाही. वॉर्मर, सीपॅप, सलाईनचा सूक्ष्म पंप, काविळीसाठीचा निळा दिवा ही सारी यंत्रे यांपैकी एकेका अडचणीवरचे उत्तर आहेत. त्यांनी असंख्य बाळे वाचवली आहेत. २०२०च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार देशात दर हजार जिवंत जन्मांमागे २० बाळे पहिल्या २८ दिवसांत दगावली. महाराष्ट्रात हे प्रमाण ११ होते. यात या कक्षांचा वाटा मोठा आहे.

पण ११ ही सरासरी आहे. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. २०२३च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात होती. दोन्ही वेळा चर्चा विजेच्या वायरिंगची, औषधांच्या खरेदीची, रिक्त पदांची झाली. ती व्हायलाच हवी होती. बाळाची आई कुठे होती आणि ती कुठे असायला हवी, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत फारसा आला नाही.

काचेच्या बाहेर

पहिलटकरीण बहुधा माहेरी बाळंत होते. कळा अवेळी सुरू झाल्या की सगळेच बिनसते. आई सिझेरियनच्या टाक्यांसह एका वॉर्डात, बाळ दुसऱ्या मजल्यावर, वडील मेडिकल आणि रक्तपेढी यांच्या मध्ये. बाळाची आजी व्हरांड्यात चटई टाकून बसते. पाचवीची पूजा घरी कशी करायची, हा तिचा प्रश्न. कापूस वेचणीचे दिवस असतील तर घरातल्या दोन-तीन माणसांची मजुरी रोज बुडते. उपचार मोफत असले तरी जेवण, येणे-जाणे आणि बुडालेला रोज यांचा हिशेब कोणत्याही कागदावर येत नाही.

त्यातच बाईला बोल लावणारे असतातच. जड उचललेस म्हणून असे झाले, उपास केलेस म्हणून झाले, ग्रहणात बाहेर गेलीस म्हणून झाले. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची कारणे वेगळी आहेत. आईचा वाढलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय, लघवीचा किंवा गर्भाशयाचा संसर्ग, जुळी बाळे, फार कमी वय, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर. अनेकदा नेमके कारण सापडतही नाही. ग्रहणाचा यात काहीही संबंध नाही. हे डॉक्टरांनी आईला एकटीला नव्हे, तर नवरा आणि सासूच्या समोर सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे.

बाहेर बसलेल्यांना सर्वांत जास्त छळते ते काही न कळणे. ‘बाळ सिरीयस आहे’ एवढेच ऐकून माणसे तर्क करत राहतात. नळी लावली म्हणजे संपले, असे कोणी सांगते. वजन घटले म्हणजे उपचार चुकले, असे वाटते. खरे तर पहिल्या आठवड्यात वजन काहीसे घटणे अपेक्षितच असते आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जन्माच्या वजनावर परत यायला दोन आठवडेही लागतात. हे वेळेवर न सांगितल्यामुळे काही कुटुंबे स्वतःहून ‘सुट्टी’ मागतात आणि बाळाला घेऊन जातात. यंत्रे चालू असताना, औषधे उपलब्ध असताना, केवळ न बोलल्यामुळे गेलेले हे बाळ असते.

आई आत आली तर

कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८च्या सुमारास डॉ. एदगर रेय सानाब्रिया यांना पेट्या कमी पडू लागल्या. त्यांनी छोटी बाळे आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. यालाच पुढे कांगारू मातृसेवा हे नाव मिळाले. बरीच वर्षे याकडे गरिबांची पेटी म्हणून पाहिले गेले. शिवाय नियम असा होता की बाळ आधी स्थिर होऊ द्या, मग आईकडे द्या. नेमके सर्वाधिक मृत्यू पहिल्या तीन-चार दिवसांत, म्हणजे बाळ ‘स्थिर’ होण्याआधी होतात.

हा नियम जागतिक आरोग्य संघटनेने तपासायचे ठरवले. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत अशा पाच देशांतील पाच रुग्णालयांत हा अभ्यास झाला. भारतातील रुग्णालय दिल्लीचे सफदरजंग होते. एक किलो ते १८०० ग्रॅमपर्यंतची तीन हजारांहून अधिक बाळे त्यात होती. एका गटात आईला जन्मानंतर लगेच बाळासोबत अतिदक्षता कक्षातच खाट दिली. तिथे बाळे दिवसाला सुमारे १७ तास आईच्या छातीशी राहिली. दुसऱ्या गटात नेहमीची पद्धत ठेवली. २०२१मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पद्धतीत २८ दिवसांत शंभरातील सुमारे १६ बाळे दगावली, आईजवळ ठेवलेल्यांत १२. मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. फरक इतका स्पष्ट होता की देखरेख समितीने अभ्यास मुदतीआधीच थांबवायला सांगितले. एका गटाला हा उपचार नाकारत राहणे योग्य नव्हते.

हे कशाने घडते? आईचे अंग हे बाळासाठी आपोआप नियंत्रित होणारे वॉर्मर आहे आणि वीज गेली तरी ते बंद पडत नाही. बाळाच्या कातडीवर आणि आतड्यात रुग्णालयातील औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंऐवजी आईच्या अंगावरचे निरुपद्रवी जंतू आधी वस्ती करतात. बाळाला हाताळणारे हात कमी होतात. दूध लवकर उतरते आणि सतत मिळते. बाळ श्वास घ्यायचे विसरले, निळे पडले, तर ते छातीवर घेऊन बसलेल्या बाईला आधी कळते. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली. व्हेंटिलेटरवर किंवा शॉकमध्ये नसलेल्या प्रत्येक अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर शक्य तितक्या लवकर कांगारू मातृसेवा द्यावी आणि दिवसातून ८ ते २४ तास द्यावी, असे ती सांगते.

यावरचा पहिला आक्षेप संसर्गाचा असतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दिल्लीच्या डॉ. राम मनोहर लोहिया रुग्णालयात हे तपासले गेले. बाळाच्या एका नातेवाइकाला हात धुण्यापासून बाळ हाताळण्यापर्यंत शिकवून काळजीत सामील केले. २९५ बाळांच्या त्या अभ्यासात संसर्ग वाढला नाही आणि घरी जाताना केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण ६७ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले. त्यानंतर २०१७मध्ये केंद्र सरकारने ‘कुटुंबाच्या सहभागाने नवजात काळजी’ यासाठी मार्गदर्शक सूचनाच काढल्या. म्हणजे आईला आत घेणे ही एखाद्या डॉक्टरची मेहेरबानी नाही. ते सरकारचेच धोरण आहे.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. कक्षात तीन-चार बाळांमागे एक परिचारिका असावी असा निकष आहे. प्रत्यक्षात एका वॉर्मरवर दोन बाळे असतात तेव्हा हा निकष कागदावरच राहतो. अशा ठिकाणी शिकवलेली आई परिचारिकेचे ओझे वाढवत नाही, ते हलके करते. मात्र आई ही परिचारिकेची जागा भरणारी नव्हे. आईला आत घेतले म्हणून पदे रिक्त ठेवायला कोणालाही मुभा मिळू नये.

तिसरा आक्षेप जागेचा, आणि इथे बुलढाण्याला संधी आहे. २०२४मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यासोबत रुग्णालयाचा विस्तार होणारच. नवा नवजात कक्ष आखताना प्रत्येक पाळण्याशेजारी आईची खाट, जवळच स्वच्छतागृह आणि टाके तपासायला येणारी प्रसूती विभागाची परिचारिका, एवढे नकाशातच असले तर पुढे भिंती पाडाव्या लागणार नाहीत. सफदरजंगमध्ये असा माता-नवजात कक्ष उभा आहे आणि देशातील काही राज्यांनी ती वाट धरली आहे.

घाटाखालून घाटावर

तेरा तालुक्यांचा हा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा वाटला गेला आहे. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या जवळपास २६ लाख होती. घाटाखालच्या तालुक्यातून आलेले बाळ राजूर घाट किंवा बोथा घाट चढून बुलढाण्यात पोहोचते. बुलढाण्यात न भागणारे बाळ पुन्हा घाट उतरून अकोला किंवा अमरावतीकडे, नाहीतर छत्रपती संभाजीनगरकडे जाते. या प्रवासात बाळ थंड पडणे हा सर्वांत मोठा आणि सर्वांत सहज टाळता येणारा धोका आहे. टोपी, मोजे आणि लंगोट एवढेच ठेवून बाळाला आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीवर उभे बांधायचे, मान एका बाजूला वळलेली, नाक मोकळे, वरून चादर. यासाठी फक्त एक ओढणी लागते. व्हेंटिलेटर न लागणारे बाळ असे नेता येते. वडिलांची छातीही तेवढीच उबदार असते, हे आपल्याकडे मुद्दाम सांगावे लागते.

याहून अवघड प्रश्न ताटातुटीचा आहे. बाळ पुढे पाठवले आणि सिझेरियन झालेली आई इथेच राहिली, तर दूध आटते. बाळ डब्याच्या दुधावर जाते आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्यातून आतड्याचा गंभीर आजार होण्याचा धोका वाढतो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली ती याच जाणिवेतून. प्रत्येक जिल्ह्यात दुग्धपेढी नसेल, पण आई असते. तिची प्रकृती ठीक असेल तर बाळासोबत तिलाही त्याच रुग्णवाहिकेतून पाठवणे आणि पुढच्या रुग्णालयात तिला खाट मिळणे, हा नियम व्हायला हवा. तोवर तिने दर दोन-तीन तासांनी हाताने दूध काढत राहावे. पहिल्या दिवसांचा चीक थेंबभर निघाला तरी तो फेकायचा नाही.

योजना कुठे थांबते

जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ रोजी सुरू झाला. सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताला उपचार, औषधे, तपासण्या, रक्त आणि येण्या-जाण्याचे वाहन मोफत मिळण्याचा तो हक्क आहे. पुढे तो वर्षाच्या आतील बाळांपर्यंत वाढवला गेला. बाहेरून औषध आणायला सांगितले तर ‘हे योजनेत बसते का’ असे विचारण्याचा पालकांना अधिकार आहे.

पण या योजनेत आईच्या मोफत जेवणाचा हिशेब प्रसूतीशी बांधलेला आहे. साध्या बाळंतपणानंतर तीन दिवस, सिझेरियननंतर सात दिवस. सव्वा किलोचे बाळ मात्र तीन-चार आठवडे, कधी त्याहून अधिक दिवस कक्षात राहते. आठव्या दिवशी आई कागदोपत्री कोणाचीच रुग्ण नसते. तिने बाळाला दूध द्यायचे, सतरा तास छातीशी धरायचे, आणि स्वतः काय खायचे याची तरतूद घरच्यांनी करायची. मुक्ताईनगर-मलकापूरकडून रोज डबा आणणे कोणाला परवडणार? बाळाला सुट्टी होईपर्यंत आईचे जेवण आणि खाट बाळाच्या उपचाराचा भाग धरावी, एवढी दुरुस्ती फार मोठा खर्च मागत नाही. जिल्हा पातळीवर रुग्ण कल्याण समितीच्या निधीतूनही याची सुरुवात करता येण्यासारखी आहे.

दुसरी दुरुस्ती तर बिनखर्चाची आहे. रोज ठरलेल्या वेळी डॉक्टरांनी आईवडिलांशी पाच मिनिटे बोलावे. पालकांनीही नेमके विचारावे. आज वजन किती? दूध किती आणि कसे दिले, नळीने की वाटी-चमच्याने? श्वासाला आधार लागतो का, कालपेक्षा कमी की जास्त? संसर्गाची तपासणी काय सांगते? आणि आम्ही आज काय करू शकतो?

सुट्टीनंतर

बाळ घरी गेले म्हणजे धोका संपला असे नाही. आशाताईंनी ४२ दिवसांपर्यंत सहा वेळा घरी यायचे असते. या पद्धतीची मुळे महाराष्ट्रातच आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात काळजी दिली आणि ३९ गावांत नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. ज्या आईने कक्षात तीन आठवडे बाळ हाताळले आहे, तिला आशाताईंचे म्हणणे लगेच समजते. जिने ते फक्त काचेतून पाहिले, ती पहिल्याच रात्री घाबरते.

घरी कांगारू चालूच ठेवायचे. बंद खोलीत शेगडीचा धूर करायचा नाही, अंगावर तेल चोळून आंघोळ घालायची घाई नाही, घुटी आणि मध नाही. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग थंड किंवा तापलेले लागले, मिनिटाला साठाहून जास्त श्वास होऊ लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, तळपाय पिवळे दिसले, झटके आले, तर वाट न पाहता १०८ला फोन करायचा. आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट डोळ्यांची. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत तपासायलाच हवा. फार लहान बाळांचा त्याहूनही आधी. वेळेत सापडले तर उपचार होतो, उशीर झाला तर कायमचे अंधत्व येऊ शकते. बाळ वाचल्याच्या आनंदात ही तारीख हुकते, म्हणून ती सुट्टीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मागावी.

नव्या यंत्रांचे उद्घाटन होते, फीत कापली जाते. आईच्या खाटेचे उद्घाटन होत नाही. तरीही येत्या वर्षात बुलढाण्याच्या नवजात कक्षात काय वाढले, हे मोजायचे असेल, तर वॉर्मर किती आले याच्याइतकेच हेही मोजावे लागेल, की किती बाळांशेजारी त्यांच्या आईला खाट मिळाली.